ग्रुप कॉन्शन्समध्ये नव्या माणसाने बोलावं का?

पत्रातून आलेला प्रश्न असा आहे. विचारणारे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडणाऱ्यांच्या संगतीचे सदस्य, दीड वर्षापासून सोबर, म्हणजे दारूशिवाय. त्यांच्या ग्रुपची मीटिंग महापालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात भरते. भागातल्या एका पुढाऱ्याचा भाऊ याच ग्रुपमध्ये येऊन दारूतून सुटला. त्याची जाणीव म्हणून पुढाऱ्याने वर्गासाठी पंखे आणि खुर्च्या द्यायची तयारी दाखवली आहे. फक्त मीटिंगच्या फलकावर 'सौजन्य' म्हणून त्याचं नाव हवं. ग्रुपमधले सगळ्यात जुने सदस्य म्हणतात, घेऊन टाकू. त्यावर ग्रुप कॉन्शन्स, म्हणजे ग्रुपचा सद्सद्विवेक काय म्हणतो ते ठरवायची बैठक, ठरली आहे. विचारणाऱ्यांना हे पटत नाही, पण 'तू अजून कालचा' असं ऐकून घ्यावं लागेल ही धास्ती आहे. बोलावं का, मत देता येतं का, आणि हरलो तर काय?

बोला, मत द्या, आणि हरलात तर पुढच्या मीटिंगला नेहमीच्या वेळेला या. कसं बोलायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण घोडं तिथेच अडतं. मी या संगतीत बरीच वर्षं आहे. सेक्रेटरी होतो, खजिनदार होतो, ग्रुपचा जीएसआर, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून इंटरग्रुपला, म्हणजे अनेक ग्रुपांच्या एकत्र बैठकीला, जात होतो. नाव सांगत नाही ते एएच्या बारा परंपरांप्रमाणे, म्हणजे ग्रुपांनी कसं चालावं याच्या तत्त्वांप्रमाणे, आणि पुढचं सगळं माझं मत आहे, एएचं नव्हे.

आधी हक्काचं पाहू. तिसरी परंपरा सांगते की सदस्य व्हायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. म्हणजे सदस्य कोण हे ग्रुप ठरवत नाही, तुम्ही ठरवता. पदांसाठी बहुतेक ग्रुप सोबर्टीचा काही काळ बघतात आणि ते योग्यच आहे; खजिन्याची पिशवी आठवड्याभराच्या माणसाकडे देण्यात त्याचंही भलं नाही. मताला मात्र अशी अट सहसा नसते. काही ग्रुप ठेवतात, चौथ्या परंपरेने तेवढी मोकळीक त्यांना आहे. तेव्हा आपल्या ग्रुपची निर्णयांची वही आधी बघून घ्या. एक पथ्य मात्र सगळीकडे सारखं: मत आपल्या होम ग्रुपमध्येच, म्हणजे ज्या एका ग्रुपला आपण आपला मानतो तिथेच, द्यायचं. तीन ग्रुपमध्ये चहा पिता येतो, तीन ग्रुपमध्ये हात वर करता येत नाही.

'कालचा' म्हणून कुणी गप्प करू पाहिलं, तर संस्थापकाचीच गोष्ट त्यांना आठवण करून द्या. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावात बिल आणि डॉक्टर बॉब भेटले आणि एए सुरू झालं. त्यानंतर दोनेक वर्षांतच न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलच्या मालकाने बिलला बोलावून घेतलं. याच हॉस्पिटलात बिलची दारू सुटली होती. मालक म्हणाला, इथे ऑफिस थाट, पगार घे, नफ्यात वाटा घे, दारुड्यांना बरं कर. बिल कफल्लक होता, बायकोच्या नोकरीवर घर चालत होतं. तो हरखून घरी आला. त्या संध्याकाळी ब्रुकलिनच्या क्लिंटन स्ट्रीटवरच्या त्याच्या घरी मीटिंग होती. त्याने सगळ्यांना बातमी सांगितली आणि समोरचे चेहरे थंड. एकेकाने शांतपणे सांगितलं की तुझी अडचण आम्हाला दिसते, पण हे काम पगारी झालं की संपलं. बिलने ऐकलं आणि नोकरी नाकारली. त्या खोलीत सगळ्यात जुना सोबर बिलच, आणि तोही जेमतेम दोन-तीन वर्षांचा. बाकीचे त्याच्याहून कालचे! पुढे दुसऱ्या परंपरेत जे आलं, की अंतिम अधिकार ग्रुपच्या सद्सद्विवेकातून व्यक्त होणाऱ्या प्रेमळ ईश्वराचा आणि आपले नेते फक्त विश्वासू सेवक, ते राज्य करत नाहीत, त्याच्या मागे असे अनुभव आहेत. परंपरा १९४६ मध्ये लिहून प्रसिद्ध झाल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात सगळ्यांनी त्या स्वीकारल्या. तोवर ग्रुप फुटून, भांडून, पैशावरून एकमेकांची तोंडं न बघण्यापर्यंत मजल गेली होती.

खरी अडचण हक्काची नसते, सवयीची असते. आपल्यापैकी बहुतेकांचं मत घरात कुणी विचारेनासंच झालं होतं. सोसायटीच्या मीटिंगला बायको जायची, मुलीच्या शाळेत भाऊ जायचा, भावकीतले निर्णय झाल्यावर कानावर यायचे. दुसरीकडे गुत्त्यावर आपण देश चालवत होतो. त्यामुळे सोबर झालेला माणूस बैठकीत बसला की दोनच गिअर असतात: 'मला काय करायचंय' किंवा 'माझंच खरं'. त्यातून मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेल्याला आणखी वेगळी सवय लागलेली असते. तिथे वेळापत्रक ठरलेलं, समुपदेशक सांगतील तसं वागायचं, आणि उपचाराच्या काळात ते तसंच हवं. मग तो एएच्या ग्रुपमध्ये येतो आणि इथे साहेबच नाही. नसलेला साहेब तो शोधून काढतो. सगळ्यात जुना, मोठ्या आवाजाचा माणूस बघतो आणि त्याच्या हाताबरोबर हात वर करतो. तुमच्या ग्रुपमध्येही जुन्या सदस्यांनी सत्ता बळकावली असेलच असं नाही. बऱ्याचदा ती बाकीच्यांनी त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलेली असते.

जुन्या सदस्यांबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या पत्रात त्यांच्यावर राग दिसतो. ज्याने ग्रुप उभा केला, पावसात एकटा येऊन वर्ग उघडून बसला, त्याला एक दिवस कळतं की आता किल्ली दुसऱ्याकडे आहे. हे सोपं नाही. काही जण त्यानंतर मागच्या बाकावर बसतात, विचारलं तर सांगतात, नाही विचारलं तर चहा वाटतात. काही जण 'माझ्यानंतर ग्रुपची वाट लागली' हे प्रत्येक शेअरिंगमध्ये, म्हणजे मीटिंगमध्ये आपला अनुभव सांगताना, घोळवतात. हे दोन्ही नमुने बिलच्या काळातही होते आणि त्याने दोघांबद्दल लिहून ठेवलंय. तुमचे जुने मित्र पंखे घ्या म्हणतात ते उन्हाळ्यात घामाने निथळणाऱ्या नव्या माणसाकडे बघून म्हणत असतील. तसं समजूनच बोला. बैठकीआधी त्यांना फोन करा आणि आपण विरोधात बोलणार आहोत हे सांगून ठेवा. मागून वार झाल्यासारखं वाटलं की माणूस मुद्दा ऐकत नाही.

आता बैठक कशी व्हावी ते. चांगली ग्रुप कॉन्शन्स किती जणांनी हात वर केले यावर ठरत नाही. हात वर करण्याआधी सगळ्यांसमोर सगळी माहिती होती का आणि सगळ्यांचं ऐकून घेतलं का, यावर ठरते. ऐकायला सोपं वाटतं, पण एक प्रसंग सांगतो.

आमच्या ग्रुपमध्ये एक जण पिऊन यायचा. एका संध्याकाळी त्याने वर्गातल्या बाकावर उलटी केली. दुसऱ्या आठवड्यात शाळेकडून पत्र आलं आणि बातमी पसरली की वर्ग काढून घेणार. बैठक बसली. चौथीच्या मुलांचे बाक, गुडघे हनुवटीला टेकलेले, फळ्यावर अपूर्णांकांची गणितं, दाराशी किल्ल्या खुळखुळवत रखवालदार. ठराव आला की पिऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवायचं. अर्धा तास नुसती आतषबाजी. एकाने तिसरी परंपरा काढली, दुसऱ्याने विचारलं, वर्गच गेला तर परंपरा काय रस्त्यावर वाचायची? शेवटी कोपऱ्यातून एका बाईंनी विचारलं, "ते पत्र कुणी वाचलंय का?" कुणीच वाचलं नव्हतं. पत्र खजिनदाराच्या खिशात घडी घालून होतं. वाचलं तेव्हा कळलं की मुख्याध्यापिकांनी दोनच गोष्टी मागितल्या होत्या: बाक धुऊन द्या आणि नऊला फाटक बंद होऊ द्या. वर्ग काढून घेण्याचा शब्दसुद्धा नव्हता.

तरीही मतदान झालं आणि बंदीच्या बाजूने चांगलं बहुमत निघालं, कारण लोक चिडलेले होते. मग सेक्रेटरीने नियमाप्रमाणे विचारलं, विरोधात मत दिलेल्यांपैकी कुणाला काही सांगायचंय का? एक वयस्कर काका उठले. म्हणाले, मी पहिल्यांदा आलो तेव्हा पिऊनच आलो होतो, उलटी जिन्यात केली म्हणून तुम्हाला दिसली नाही. आणि बसले. सेक्रेटरीने पुढचा प्रश्न विचारला, बहुमतातल्या कुणाला फेरविचार करावासा वाटतो का? दोन हात वर आले. पुन्हा चर्चा झाली आणि जे ठरलं ते दोन्ही बाजूंच्या डोक्यात आधी नव्हतं. पिऊन आलेल्याला हाकलायचं नाही, शेअरिंगला बोलू द्यायचं नाही, आणि आळीपाळीने दोघांनी त्याच्याबरोबर बाहेरच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसायचं. बाक त्या आठवड्यात ठराव मांडणाऱ्यानेच धुतले.

ही जी विरोधकांना पुन्हा विचारायची पद्धत आहे, ती कुणाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही. १९६२ मध्ये एएने सेवेच्या बारा संकल्पना स्वीकारल्या. त्यातली पाचवी अल्पमताला अपिलाचा हक्क देते आणि बारावी सांगते की महत्त्वाचे निर्णय चर्चेने, मतदानाने आणि होता होईल तो भरघोस एकमताने व्हावेत. भरघोस म्हणजे व्यवहारात दोन तृतीयांश. निम्म्याहून एक मत जास्त घेऊन जिंकलेला ग्रुप दुसऱ्या दिवशी अर्धा झालेला असतो, हे अनुभवातून आलेलं शहाणपण आहे. आपल्या जुन्या दारुड्या डोक्याला बहुमत म्हणजे विजय वाटतो आणि विजय झाला की तो साजरा करावासा वाटतो. म्हणून हा ब्रेक.

तेव्हा तुमच्या बैठकीत आग्रह धरायचा असेल तर या गोष्टींचा धरा. बैठकीची सूचना किमान दोन मीटिंगमध्ये आधी दिलेली असावी, विषयासकट. ती शेअरिंगच्या वेळेत नको, प्रार्थना झाल्यावर, कारण त्या दिवशी पहिल्यांदा आलेल्या माणसाने पंख्यांचं भांडण ऐकायला येऊ नये. प्रत्येकाला एकदा बोलून झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे ग्रुप वाचतील. सूत्रं ज्याच्या हातात आहेत त्याने स्वतःचं मत मध्येमध्ये पेरायचं नाही. फारच राहवत नसेल तर खुर्ची दुसऱ्याला द्यावी. आणि ठरलं ते शब्दशः वहीत लिहायचं, कोण काय बोललं ते नाही.

व्हॉट्सअॅपवर पोल टाकून निर्णय घ्यायची नवी टूम निघाली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. रात्री अकराला पांघरुणातून अंगठा दाबणाऱ्याने कुणाचं काय ऐकलं? मीटिंगची वेळ अमुक चालेल का, एवढ्यापुरतं ते ठीक. त्यापलीकडे नको.

ईश्वराचा मुद्दाही येईल. आमच्या ग्रुपमध्ये वारकरी आहेत, बौद्ध आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि 'देवाचं नाव काढलं तर उठून जाईन' म्हणणारेही आहेत, ते अजून बसलेले आहेत. मतदानाआधी मिनिटभर शांत बसायची प्रथा मला आवडते, त्या मिनिटात ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने बघावं. मात्र 'मला आतून संकेत मिळाला' असं म्हणून कुणी मुद्दा रेटू लागला तर सावध राहा. दुसरी परंपरा संकेत ग्रुपला मिळतो म्हणते, एका सदस्याला नव्हे.

आता तुमच्या पंख्यांकडे येतो. तुम्ही सातव्या परंपरेवर बोट ठेवणार हे उघड आहे: प्रत्येक ग्रुपने पूर्णपणे स्वावलंबी असावं, बाहेरची देणगी नाकारावी. ते पुरेसं आहे. पण नुसतं कलम वाचून दाखवलंत तर समोरचे म्हणतील, नियम माणसांसाठी की माणसं नियमांसाठी? त्यामागचं कारण सांगा. १९४८ मध्ये एका बाईंनी मृत्युपत्रात एएला दहा हजार डॉलर ठेवले. तिजोरीत खडखडाट होता, घ्यावेत असं बऱ्याच विश्वस्तांना वाटत होतं. घेतले नाहीत. एकदा घेतले की पुढचे घ्यावे लागतील, पैसा साठेल, आणि मग दारुडे दारूवर बोलायचं सोडून पैशावर बोलतील, हे त्यांनी ओळखलं.

पुढाऱ्याच्या नावाबद्दल त्याहून जुनी गोष्ट आहे. १८४० मध्ये बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी मिळून वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ सुरू केली. एकमेकांना आधार देऊन दारू सोडायची, अगदी आपल्यासारखंच. काही वर्षांत लाखांनी माणसं आली. व्यासपीठावर पुढारी आले, गुलामगिरीपासून दारूबंदीच्या कायद्यापर्यंत सगळे वाद आत शिरले, आणि दहा-पंधरा वर्षांत चळवळ पुसली गेली. तुमच्या फलकावर ज्या पक्षाच्या माणसाचं नाव लागेल, त्याच्या विरोधी पक्षाचा दारुडा त्या दारातून आत यायला कचरेल. निवडणुकीच्या दिवसांत तर विचारूच नका.

आणि तुमच्या पत्रात न आलेला एक मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. फलकावर पुढाऱ्याचं नाव लागलं की अख्ख्या भागाला प्रश्न पडेल, यांचा एएशी काय संबंध? उत्तर तीन दिवसांत चहाच्या टपरीवर पोचेल: यांचा भाऊ तिथे जातो. ज्याच्या कृतज्ञतेपोटी हे सगळं चाललंय त्याचंच नाव उघडं पडणार. त्या भावाला कुणी विचारलंय का? बैठकीत नको, त्याला अवघडवू नका. आधी एकट्याला गाठून विचारा. कदाचित तोच घरी जाऊन दादाला सांगेल की एवढं नको करू, आणि ठराव यायच्या आतच विषय मिटेल. अर्ध्याअधिक ग्रुप कॉन्शन्स अशाच मिटाव्यात असं माझं मत आहे. प्रत्येक गोष्टीला मतदान लावणारा ग्रुप आजारी असतो. परंपरांच्या पुस्तकात एका गावच्या हौशी मंडळींची गोष्ट आहे. त्यांनी केंद्रासाठी एकसष्ट नियम केले आणि सगळं कोसळल्यावर त्या केंद्राच्याच संस्थापकाने बासष्टावा छापून पाठवला: स्वतःला फार गंभीरपणे घेऊ नका.

बोलताना 'मला वाटतं' म्हणा, 'परंपरा म्हणते' थोडं कमी म्हणा. दोन मिनिटांत संपवा. माणसाचं नाव घेऊ नका, 'घेऊन टाकू' म्हणणाऱ्यांच्या बाजूला जे खरं आहे ते आधी कबूल करा: वर्गात उकडतं. मग पर्याय ठेवा. सदस्य पैसे टाकतात त्या पिशवीत दर आठवड्याला किती येतात, शाळेचं भाडं, चहा, पुस्तकं आणि इंटरग्रुपचा वाटा जाऊन किती उरतात, हा हिशेब खजिनदाराकडून आधीच घेऊन या. सोबर्टीच्या बर्थडेचे केक दोन महिने बंद ठेवले तर एक पंखा निघतो का बघा. पुढाऱ्याला काय उत्तर द्यायचं तेही सुचवा, नाहीतर ते काम कुणीच अंगावर घेत नाही. दोघांनी जाऊन आभार मानायचे, आम्ही बाहेरून कुणाकडूनच काही घेत नाही हे सांगायचं, आणि खरंच मदत करायची असेल तर भागात कुणी पिणारा दिसला तर आमचा पत्ता द्या म्हणायचं. बहुतेक पुढाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटत नाही, उलट घरी येणाऱ्या अशा लोकांचं काय करायचं हा त्यांचाही रोजचा प्रश्न असतो.

हरलात तर? अल्पमतात गेल्यावर विचारलं जाईल तेव्हा एकदा पुन्हा बोला, नवं काही असेल तरच. त्यानंतर गप्प. घरी जाऊन व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहू नका, स्पॉन्सरला, म्हणजे तुम्हाला वाट दाखवणाऱ्या जुन्या सदस्याला, फोन करा. एक राग आणि एक चहाची किटली एवढ्यावर नवा ग्रुप निघतो, असा विनोद आपल्याकडे चालतो, आणि तो बऱ्याचदा खराही ठरतो. पण दीड वर्षाच्या सोबर्टीवर रागाच्या भरात घर बदलणं धोक्याचं आहे. ग्रुपचा निर्णय चुकूही शकतो. चौथ्या परंपरेने त्याला चुकायची मुभा आहे, इतर ग्रुपांना किंवा एकूण एएला झळ पोचत नाही तोवर. इथे फलकावरचं नाव ही झळ आहे असं मला वाटतं, म्हणून तुमच्या जीएसआरला इंटरग्रुपच्या बैठकीत हा अनुभव मांडायला सांगा. तक्रार म्हणून नाही. इंटरग्रुप तुमच्या ग्रुपला हुकूम देऊ शकत नाही, पण इतर ग्रुपांनी अशा वेळी काय केलं ते तिथे ऐकायला मिळतं, आणि ते घेऊन तीन-चार महिन्यांनी विषय पुन्हा काढता येतो. तोवर फलकावरचं नाव त्या भावालाही टोचायला लागलेलं असेल.

आणि हो, महापालिकेच्या शाळेच्या छताला पंखा लावायला शाळेची परवानगी लागते. ती कुणी मागितली आहे का, हा प्रश्न बैठकीत सगळ्यात आधी विचारा.